शब्द, स्वर आणि चेहरा : यंत्राला माणसाचे मन कळते का?

कापडाच्या दुकानातील दुपारची वेळ. गादीवर चार-पाच साड्यांच्या घड्या मोडून पडल्या आहेत. समोर बसलेल्या वहिनी एका साडीचा पदर बोटांत धरून म्हणतात, "छान आहे." दुकानात नव्याने लागलेला मुलगा हे ऐकून खूश होतो आणि बिलाचे पुस्तक पुढे ओढू लागतो. वृद्ध शेठजी मात्र त्याला नजरेनेच थांबवतात आणि म्हणतात, "अरे, हाच रंग वरच्या फळीवर आहे बघ, थोड्या हलक्या पोतातला. तो काढ."

"छान आहे" हे शब्द शेठजींनीही ऐकले होते. पण त्या शब्दांआधीचा क्षणभराचा थांबा, "छान" म्हणताना किंचित खाली उतरलेला आवाज आणि पदरावरून किमतीच्या चिठ्ठीकडे गेलेली नजर यांचीही त्यांनी मनात नोंद केली होती. शब्द होकाराचे, स्वर संकोचाचा आणि नजर किमतीवर. तिन्हींचा मेळ घातल्यावर निष्कर्ष निघाला : साडी आवडली आहे, भाव जड जातो आहे.

हा हिशेब कोणत्याही खातेवहीत लिहिलेला नसतो. तो येण्यासाठी वर्षानुवर्षे गादीवर बसावे लागते. गेली सुमारे पंधरा वर्षे जगातील काही संगणकशास्त्रज्ञ नेमका हाच हिशेब यंत्राला शिकवण्याच्या प्रयत्नात आहेत. बोललेले शब्द, बोलणाऱ्याचा आवाज आणि त्याचा चेहरा या तिन्ही मार्गांनी मिळणारी माहिती एकत्र करून बोलणाऱ्याचा कल अनुकूल आहे की प्रतिकूल, तो आनंदी आहे की रागावलेला, हे ओळखण्याच्या या शास्त्राला ‘मल्टिमोडल सेंटिमेंट ॲनालिसिस’ म्हणतात. मराठीत त्याला बहुमार्गी भावविश्लेषण म्हणता येईल.

हा विषय आता केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाही. ग्राहकसेवेच्या दूरध्वनीवर "आपले संभाषण ध्वनिमुद्रित केले जाऊ शकते" ही सूचना आपण ऐकतो, नोकरीच्या मुलाखती कॅमेऱ्यासमोर होतात, ग्राहक वस्तूंबद्दलची मते व्हिडिओतून मांडतात. या सर्व ठिकाणी अशा यंत्रांना वाव आहे. उद्या ते एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावरही येऊ शकते. म्हणूनच ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

केवळ शब्दांवर का भागत नाही?

प्रारंभी संशोधकांनी फक्त लिखित मजकूर घेतला. २००२ मध्ये अमेरिकेतील बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी चित्रपटांची परीक्षणे संगणकाला देऊन त्यातली कोणती स्तुतीची आणि कोणती निंदेची, हे ओळखायला लावले. त्यांच्या सर्वोत्तम पद्धतीचा निकाल सुमारे ८३ टक्के बरोबर आला. त्या काळाच्या मानाने ही मोठीच मजल होती. पुढे वस्तूंवरचे अभिप्राय, वर्तमानपत्रे आणि समाजमाध्यमांवरील मजकूर यांवर ही पद्धत सर्रास वापरली जाऊ लागली.

परंतु माणूस बोलतो तेव्हा अर्थ केवळ शब्दांत नसतो. घरात काच फुटल्यावर आई मुलाला म्हणते, "वा! काय दिवे लावलेस!" यातला एकही शब्द निंदेचा नाही. तासभर उशिरा आलेल्या पाहुण्याला "अगदी वेळेवर आलात" म्हटले जाते, तेव्हाही तेच. बाजारातील "बघू", "विचार करून सांगतो", "उद्या चक्कर मारतो" हे शब्द कागदावर तटस्थ दिसतात. ते ज्या सुरात उच्चारले जातात, त्यावरून अनुभवी विक्रेता गिऱ्हाईक परत येणार की नाही हे ओळखतो.

मराठीने तर यंत्रासाठी आणखी एक अडचण करून ठेवली आहे. अशुभ उच्चार टाळण्याची आपली रीत आहे. संध्याकाळी दुकान ‘बंद’ होत नाही, ते ‘वाढवले’ जाते. नारळ फुटत नाही, वाढवला जातो. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’. निरोप घेताना कोणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. शब्दकोश पाठ केलेले यंत्र "आज दुकान लवकर वाढवले" या वाक्यात व्यवसायाची भरभराट पाहील. ते वाक्य उच्चारणाऱ्याचा आवाज मात्र खोल गेलेला असू शकतो.

शब्दाच्या पलीकडचा हा अर्थ आपल्या परंपरेला अपरिचित नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्यांपैकी सात्त्विक भावांत घाम, रोमांच, कंप, अश्रू, चेहऱ्याचा रंग उडणे आणि स्वर बदलणे यांची गणना आहे. भाव देहावर आणि आवाजावर कसा उमटतो, याची ती पद्धतशीर यादीच होय. संगणकशास्त्रात या विचाराला भक्कम पाया मिळाला तो १९९७ मध्ये. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्राध्यापिका रोझलिंड पिकार्ड यांनी ‘अफेक्टिव्ह कम्प्युटिंग’ हा ग्रंथ लिहून संगणकाने माणसाच्या भावनांची दखल घ्यावी, असे प्रतिपादन केले.

सत्तेचाळीस व्हिडिओंपासून सुरुवात

तिन्ही मार्ग एकत्र आणण्याचा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लुई-फिलीप मोरेन्सी, राडा मिहाल्चा आणि त्यांच्या सहकारी यांनी यूट्यूबवरील ४७ व्हिडिओ निवडले. त्यांत सामान्य माणसे कॅमेऱ्यासमोर बसून निरनिराळ्या विषयांवर आपली मते सांगत होती. बोलण्यातील अनुकूल-प्रतिकूल शब्दांबरोबरच संशोधकांनी हसू, नजर, बोलण्यातील थांबे आणि आवाजाचा चढउतार यांची मोजणी केली. कोणत्याही एका मार्गापेक्षा तिन्ही मार्ग एकत्र घेतले असता निकाल सुधारतो, असे त्यांना आढळले.

४७ व्हिडिओ हे भांडवल अर्थातच तुटपुंजे होते. २०१६ मध्ये अमीर झादे, मोरेन्सी आणि सहकाऱ्यांनी ‘सीएमयू-मोसी’ या नावाचा संग्रह तयार केला. त्यात ८९ वक्त्यांचे ९३ व्हिडिओ असून त्यांचे २,१९९ लहान तुकडे केलेले आहेत. प्रत्येक तुकड्याला उणे ३ ते अधिक ३ या मापावर गुण दिलेले आहेत. उणे ३ म्हणजे तीव्र नापसंती, शून्य म्हणजे तटस्थ आणि अधिक ३ म्हणजे मनापासून पसंती. २०१८ मध्ये आलेल्या ‘सीएमयू-मोसेई’ या संग्रहात वक्त्यांची संख्या सुमारे १,००० आणि वाक्यांची संख्या २३,००० हून अधिक झाली. पसंती-नापसंतीशिवाय आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य या सहा भावनांची नोंदही त्यात आहे.

२०१९ मध्ये उपरोधासाठी स्वतंत्र संग्रह झाला. त्याचे नाव ‘मस्टार्ड’. अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकांमधील ६९० प्रसंग त्यात आहेत. निम्मे उपरोधिक, निम्मे सरळ. एकाच मार्गावर अवलंबून राहण्याऐवजी मार्ग एकत्र केल्यास उपरोध ओळखण्यातील चुकांचे प्रमाण तुलनेने १२.९ टक्क्यांपर्यंत घटते, असे संशोधकांनी दाखवले. "काय दिवे लावलेस" हे कळण्यासाठी आवाज ऐकावा लागतो आणि चेहरा पाहावा लागतो, ही घराघरांत ठाऊक असलेली गोष्ट अशा रीतीने आकड्यांत सिद्ध झाली.

यंत्र नेमके काय मोजते?

यंत्राला भाव दिसत नाही. त्याला दिसतात ते केवळ आकडे.

बोललेल्या वाक्याचे आधी लेखन केले जाते आणि प्रत्येक शब्दाच्या जागी आकड्यांची एक माळ ठेवली जाते. सारख्या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या माळा एकमेकींच्या जवळ येतात. आवाजाचे सेकंदाला साधारण शंभर बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील स्वराची उंची, जोर, कंप आणि घोगरेपणा मोजला जातो. बोलण्याचा वेग आणि मधले थांबे यांचीही नोंद होते.

चेहऱ्याच्या मोजणीमागे जुने परिश्रम आहेत. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींचे बारकाईने वर्गीकरण प्रसिद्ध केले. भुवईचे आतले टोक उचलणे, गाल वर येणे, ओठांचे कोपरे वर ओढले जाणे अशा प्रत्येक हालचालीला त्यांनी क्रमांक दिला. आजची यंत्रे व्हिडिओतील प्रत्येक चित्रात या हालचाली शोधतात. ओठांचे कोपरे वर गेले, पण गाल उचलले गेले नाहीत, तर ते हसू केवळ शिष्टाचाराचे असण्याची शक्यता धरली जाते.

यानंतर खरा प्रश्न येतो : तीन प्रकारची माहिती एकत्र कशी करायची? पेढीच्या भाषेत सांगायचे तर तीन मुनीम आहेत. एक फक्त पत्र वाचतो, दुसरा फक्त आवाज ऐकतो आणि तिसरा फक्त चेहरा पाहतो. पहिली पद्धत अशी की तिघांनी आपापला स्वतंत्र निर्णय द्यावा आणि बहुमताने निकाल लावावा. यात तिघांनी एकमेकांशी चर्चाच केलेली नसते, त्यामुळे शब्द आणि स्वर यांतील विरोध सापडत नाही. दुसरी पद्धत म्हणजे तिघांच्या नोंदी प्रारंभीच एका वहीत उतरवणे. यात वही फुगते आणि महत्त्वाची नोंद गर्दीत हरवते.

२०१७ मध्ये झादे आणि सहकाऱ्यांनी ‘टेन्सर फ्यूजन’ ही पद्धत मांडली. तीत प्रत्येक मुनिमाची नोंद स्वतंत्र पाहिली जाते, दोघा-दोघांच्या नोंदी जोडीने पाहिल्या जातात आणि शेवटी तिघांच्या नोंदी एकत्रही पाहिल्या जातात. असे सात प्रकारचे मेळ एकाच वेळी तपासले जातात. "छान" हा शब्द उतरत्या स्वराबरोबर आला, की त्या जोडीचा अर्थ निराळा लावण्याची सोय यात झाली. २०१९ मध्ये आलेल्या आणखी एका पद्धतीने वेळेची अडचण सोडवली. माणसाची भुवई आधी उंचावते आणि शब्द मागाहून येतो. या पद्धतीत आवाजाच्या आणि चेहऱ्याच्या नोंदी शब्दांशी क्षणाक्षणाला जुळवून ठेवण्याची गरज राहिली नाही. कोणत्या शब्दासाठी मागचा-पुढचा कोणता क्षण महत्त्वाचा, हे यंत्र स्वतःच शिकते.

जमा आणि नावे

एवढ्या खटाटोपाचे फळ काय, हा प्रश्न व्यापारी मनाला साहजिकच पडेल. ‘मोसी’ संग्रहावर टेन्सर पद्धतीने केलेला २०१७ चा प्रयोग पाहू. तुकडा अनुकूल की प्रतिकूल, एवढेच ओळखायचे होते. फक्त शब्द दिले असता यंत्र सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर आले. फक्त आवाज दिला असता सुमारे ६५ टक्के आणि फक्त चेहरा दिला असता सुमारे ६७ टक्के. तिन्ही एकत्र दिल्यावर निकाल सुमारे ७७ टक्के झाला. नंतरच्या वर्षांत भाषेची अधिक समर्थ यंत्रे आली आणि याच संग्रहावरील निकाल ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचला.

या आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली ही की सर्वाधिक भार अजूनही शब्दच वाहतात. आवाज आणि चेहरा यांनी घातलेली भर सरासरीत थोडी आहे. ती भर मोलाची ठरते ती जिथे शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरे, अशा मोजक्या प्रसंगी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ८५ टक्के म्हणजे शंभरांत पंधरा वेळा चूक, आणि तीही केवळ दोनच पर्याय असताना. शंभर ग्राहकांच्या व्हिडिओंचा एकूण कल जाणण्यासाठी एवढी अचूकता पुष्कळ झाली. एका माणसाच्या नोकरीचा निर्णय तिच्यावर सोपवायचा असेल, तर ती फारच अपुरी आहे. शंभर नाण्यांत पंधरा खोटी निघतात हे ठाऊक असलेली थैली कोणताही सराफ न पारखता स्वीकारणार नाही.

पाहणाऱ्याचे मत, बोलणाऱ्याचे मन

याहून मूलभूत अडचण यंत्राच्या शिक्षणातच आहे. ‘मोसी’मधील प्रत्येक तुकड्याला उणे ३ ते अधिक ३ असे गुण कोणी दिले? बोलणाऱ्या व्यक्तीने ते दिलेले नाहीत. पाच त्रयस्थ माणसांनी व्हिडिओ पाहून आपला अंदाज नोंदवला आणि त्याची सरासरी घेतली गेली. यंत्र ज्याला ‘बरोबर उत्तर’ मानते, ते पाहणाऱ्यांचे सरासरी मत असते. बोलणाऱ्याच्या अंतःकरणात त्या क्षणी काय होते, हे कोणी विचारलेलेच नाही. म्हणजे सर्वोत्तम यंत्रसुद्धा फार तर इतकेच सांगू शकते की चार परक्या माणसांना हा माणूस नाराज वाटला असता.

चेहऱ्यावरून भावना ओळखण्याविषयी २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकारी शास्त्रज्ञांनी हजाराहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. रागावलेली माणसे कपाळाला आठ्या घालतात, हे प्रमाण सरासरी ३० टक्क्यांच्या आसपासच भरते, असे त्यात दिसून आले. उरलेल्या वेळी रागावलेला माणूस गप्प बसतो, हसतो, रडतो किंवा निर्विकार राहतो. उलट आठ्या दिसल्या म्हणजे राग आहेच, असेही नाही. माणूस एकाग्र झाला तरी आठ्या पडतात. रोजमेळ जुळवणाऱ्या दिवाणजींच्या कपाळाकडे पाहिले तरी हे पटेल.

चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हीही चिंतेची बाब आहे. २०१८ मध्ये लॉरेन ऱ्हू या अमेरिकन संशोधिकेने बास्केटबॉल खेळाडूंची छायाचित्रे भाव ओळखणाऱ्या दोन प्रचलित प्रणालींना दाखवली. गोऱ्या खेळाडूंच्या तुलनेत कृष्णवर्णीय खेळाडूंच्या चेहऱ्यांवर या प्रणालींना अधिक नकारात्मक भावना दिसल्या. शिकवणीत जसे चेहरे आले आणि गुण देणाऱ्यांनी जसे पाहिले, तशीच यंत्राची दृष्टी घडते.

उद्योगजगतालाही याची जाणीव होऊ लागली. व्हिडिओ मुलाखतींची सेवा देणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकन कंपनीने २०२१ च्या आरंभी उमेदवारांच्या चेहऱ्याचे विश्लेषण बंद केल्याचे जाहीर केले. शब्दांच्या तुलनेत चेहऱ्यावरून फारशी भर पडत नाही, असे कंपनीचेच म्हणणे होते. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या चेहरा ओळखण्याच्या सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घेण्याचे ठरवले. ‘भावना’ म्हणजे नेमके काय, यावरच शास्त्रज्ञांत एकमत नाही, हे तिने दिलेल्या कारणांपैकी एक होते.

मराठी यंत्राच्या कानी

वर सांगितलेले बहुतेक संग्रह इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत. मराठीसाठी पुण्यातील ‘एल३क्यूब’ या संशोधनगटाने चांगली पायाभरणी केली आहे. २०२१ मध्ये या गटाने सुमारे १६,००० मराठी ट्वीटचा संग्रह सिद्ध केला. प्रत्येक ट्वीट अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, हे त्यात माणसांनी नोंदवलेले आहे. २०२३ मध्ये चित्रपट परीक्षणे, मालिकांचे संवाद, राजकीय ट्वीट आणि सर्वसामान्य ट्वीट अशा चार क्षेत्रांतील सुमारे ६०,००० नमुन्यांचा मोठा संग्रह त्यांनी आणला. हे सर्व काम मोकळेपणाने उपलब्ध करून दिल्यामुळे इतर संशोधकांनाही त्याचा लाभ होतो.

पण हे काम लिखित मजकुराचे आहे. मराठी आवाज आणि मराठी चेहरा यांचा मेळ घालणे हा पुढचा, अधिक अवघड टप्पा आहे. कोल्हापुरी माणसाचे रांगडे, चढ्या आवाजातील प्रेमळ बोलणे भांडण समजले जाईल आणि पुणेरी सौम्य स्वरातील नकार होकार समजला जाईल, ही भीती निराधार नाही. शिवाय आपल्या पेढ्यांवर एकाच तासात गिऱ्हाइकाशी मराठी, सुरतेच्या व्यापाऱ्याशी गुजराती, हमालाशी हिंदी आणि घरच्या माणसांशी मारवाडी बोलले जाते. कित्येकदा एकाच वाक्यात दोन भाषा येतात. परक्या भाषेतील परक्या चेहऱ्यांवर वाढलेले यंत्र तसेच उचलून येथे बसवले, तर त्याच्या निकालावर किती विसंबावे, हे उघड आहे.

उपयोग कोणासाठी, कोणावर?

याचा अर्थ हे शास्त्र निरुपयोगी आहे, असा नाही. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मोरेन्सी आणि इतरांनी ‘एली’ नावाची संगणकीय मुलाखतकर्ती घडवली. पडद्यावर दिसणारी ही स्त्री माणसाशी शांतपणे बोलते आणि त्याचा आवाज, नजर व चेहरा यांतील खिन्नतेच्या खुणा टिपते. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मनावरील आघात लवकर लक्षात यावेत, हा तिच्यामागील एक हेतू होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पडद्यामागे माणूस नसून केवळ संगणक आहे, असे वाटले तेव्हा लोकांनी आपले दुःख अधिक मोकळेपणाने उघड केले. आपल्याला कोणी नावे ठेवणार नाही, हा दिलासा त्यांना मिळत होता. यंत्राचा निष्कर्ष येथे अंतिम नसतो. तो डॉक्टरांचे लक्ष वेधतो आणि पुढचे काम माणूस करतो.

तेच यंत्र नोकरदारावर नजर ठेवू लागले की चित्र पालटते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत चेहरा, आवाज यांसारख्या शारीरिक खुणांवरून माणसांच्या भावना ताडणाऱ्या प्रणालींना मनाई आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी अपवाद. ही मनाई २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. जेथे एका बाजूच्या हाती पगार किंवा परीक्षेचा निकाल असतो, तेथे दुसऱ्या बाजूला "नको" म्हणणे कठीण असते, हा विचार त्यामागे आहे. भारतात भावना ओळखणाऱ्या यंत्रांसाठी स्वतंत्र तरतूद नाही. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने, काही अपवाद सोडून, वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी मोकळेपणाने, पूर्ण माहितीनिशी आणि ठरावीक हेतूपुरती दिलेली संमती आवश्यक मानली आहे. कोणत्या हेतूने घेतलेली माहिती कोठे वापरली जाते, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. चोरीसाठी लावलेला कॅमेरा विक्रेत्याचे हसू मोजू लागला, तर हेतू बदललेला असतो.

अशी प्रणाली विकायला कोणी दारी आला, तर माल पारखावा तसे काही प्रश्न त्याला विचारायला हवेत. यंत्र कोणत्या भाषेच्या आणि कोणत्या प्रदेशाच्या माणसांवर शिकले? ‘बरोबर उत्तर’ कोणी ठरवले होते? चूक झाली तर कोणाच्या पदरात पडेल आणि ती दुरुस्त करण्याची सोय काय? आणि ज्याचा चेहरा मोजला जाणार, त्याला हे आधी सांगितले जाईल काय? ज्या प्रश्नाचे उत्तर टाळले जाईल, तेथे सौदा थांबवणे शहाणपणाचे.

पुन्हा आरंभीच्याच दुकानात डोकावू. समजा, व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन आलेला नातू सांगतो, "दादाजी, गल्ल्यावर असा कॅमेरा बसवू. कोणता सेल्समन गिऱ्हाइकाशी हसून बोलतो, रोजचे गुण मिळतील." प्रयोग म्हणून महिनाभर यंत्र बसते. महिन्याच्या शेवटी यादीत सर्वांत खाली नाव येते ते वीस वर्षे दुकानात असलेल्या जुन्या माणसाचे. चेहरा उतरलेला, आवाज मंद, हसू नाही. यंत्राची मोजणी चुकलेली नसते. त्याने पाहिले ते खरेच तसे होते.

नातू कागद पुढे करतो. शेठजी चष्मा लावून तो पाहतात, घडी घालून गादीखाली ठेवतात आणि त्या माणसाला हाक मारतात. "काय रे, रात्री जागरण होतेय का? डोळे लाल दिसतात." थोडा वेळ तो काहीच बोलत नाही. मग म्हणतो, "आईला दवाखान्यात ठेवलंय, शेठजी. पंधरा दिवस झाले. रात्री मीच असतो."

"मग सांगायचं नाही का? उद्यापासून दुपारी बारानंतर ये. बाकीचं आम्ही पाहतो."

संध्याकाळी दुकान वाढवताना नातू तो कागद गादीखालून काढतो आणि त्या नावापुढचे गुण खोडून दवाखान्याचे नाव लिहितो. घरी जाण्यापूर्वी तिकडे जाऊन यायचे असते.